नदी भाऊजींची, दर्या वहिनींचा

ऐकलंत का? आमच्या शेजारचे भाऊजी-वहिनी घर विकून बोटीवर राहायला चाललेत, अशी आवई सिकंदराबादच्या वेस्ट मारेडपल्लीतल्या आमच्या गल्लीत उठली आहे. इस्त्रीवाल्यानं ती वॉचमनला सांगितली, वॉचमननं दूधवाल्याला, आणि माझ्या दारात पोचेपर्यंत बोट अमेरिकेची झाली होती, घराला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि वहिनींनी पोहण्याचा पोशाख शिवायला टाकला होता. शेवटचं काही खरं वाटेना. बाकीचं भिंतीशी जाऊन विचारावं म्हटलं.

भिंत म्हणजे आमच्या दोन घरांमधली, छातीइतक्या उंचीची. अलीकडे आमचा शेवगा, पलीकडे त्यांचा कढीपत्ता. इथे एकेक बंगला पाडून पाचमजली उभं राहतंय, त्यामुळे कोपर टेकून बोलता येईल अशी भिंत गल्लीत आता ही एवढीच उरली आहे. आषाढातली संध्याकाळ, देवीच्या बोनालू उत्सवाचे लाउडस्पीकर लागलेले, म्हणून बोलायचं तेही जरा ओरडूनच.

“वहिनी, घर विकलंत म्हणे?”

“कुणी सांगितलं? घर विकून कढीपत्ता कुठे लावू, डेकवर? यांच्या डोक्यात खूळ शिरलंय, तेवढंच खरं. वर्षभर पाण्यावर हिंडायचं. म्हणजे सलग नाही हो ताई. जायचं, घरी यायचं, धुणं काढायचं, बीपीच्या गोळ्या भरून घ्यायच्या, पुन्हा जायचं.”

भाऊजी दक्षिण मध्य रेल्वेत कंट्रोलर होते. ही रेल्वे 2 ऑक्टोबर 1966 ला सुरू झाली तेव्हा ते नांदेडला रांगत होते आणि मोठे होऊन तिच्यातच चिकटले. कंट्रोलरचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. समोर एक भलामोठा चार्ट असतो. आडवे चोवीस तास, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडी म्हणजे त्यावर ओढलेली एक तिरकी रेघ. कुठली गाडी कुठे थांबवायची, कुणाला पुढे काढायचं, सगळं त्या रेघांवर. आता कॉम्प्युटरवर होतं, पण भाऊजींचा हात पेन्सिलीवरच बसलेला. त्यांनी काय केलं, आडवे बारा महिने घेतले, उभ्या नद्या आणि समुद्र घेतले, आणि हॉलमध्ये, जिथे आधी मुलीच्या पदवीदानाचा फोटो होता, तिथे तो चार्ट चिकटवला.

“फोटो कुठे गेला?” मी विचारलं.

“बेडरूममध्ये. पोरगी फ्रँकफर्टला, फोटो बेडरूममध्ये आणि हॉलमध्ये ब्रह्मपुत्रा.”

तेवढ्यात भाऊजी स्वतःच चहाचा कप घेऊन भिंतीशी आले. या माणसाला आपल्याविषयी चाललेलं बोलणं तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतं. “ताई, तुम्ही एकदा चार्ट बघाच,” म्हणाले. “लोक जाहिरात बघून तारीख ठरवतात. पाण्याला विचारतच नाहीत. मी आधी काळे चौकोन भरले. ज्या महिन्यात जे पाणी बंद, तिथे काळं. मग उरलं काय ते बघितलं.”

आणि खरं सांगते, हा माणूस इथे बरोबर होता. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर काळा. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच होड्या लोटतात ते उगीच नाही. महाराष्ट्रात तर 1 जून ते 31 जुलै मासेमारीच बंद असते. ब्रह्मपुत्रेवर पावसाळा काळा, तिथे बोटी ऑक्टोबर ते एप्रिल. नाईलवर उन्हाळा काळा, पाण्यामुळे नव्हे, उन्हामुळे. बंगालच्या उपसागराला ऑक्टोबर ते डिसेंबर वादळांची खूण. सगळे काळे चौकोन भरून झाल्यावर म्हणे नोव्हेंबर ते मार्च इतकी गर्दी झाली की तिथे मालगाड्या अडकतात तशा नद्या अडकल्या, आणि जुलै-ऑगस्टमध्ये युरोप सोडून काहीच उरलं नाही.

“आणि यांचा पास?” मी वहिनींना डोळा घातला.

“तेच तर! आयुष्यभर पासावर हिंडलेला माणूस हा. तिकिटाच्या खिडकीशी उभं राहायचं म्हटलं की घाम फुटतो. बोटीच्या कंपनीला फोन करून विचारलं यांनी, रेल्वेच्या निवृत्तांना काही सवलत आहे का. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून उभी.”

“विचारायला काय जातं?” भाऊजी म्हणाले. “आणि बोटीपर्यंत तर पास चालतोच. फलकनुमानं हावडा, शबरीनं एर्नाकुलम, देवगिरीनं मुंबई. सिकंदराबाद जंक्शनला समुद्र नाही एवढीच खोट आहे.”

आता खरी गंमत. हे दोघं एका पाण्यावर येतच नाहीत. भाऊजी नांदेडचे, गोदावरीच्या घाटावर वाढलेले. दोन्ही काठ दिसले पाहिजेत, रात्री बोट कुठेतरी बांधलेली पाहिजे, सकाळी उतरून गावातल्या टपरीवर चहा मिळाला पाहिजे. वहिनी मालवणच्या. त्यांना काठ दिसला की बोट सुरूच झाली नाही असं वाटतं.

वहिनींचं लहानपण कोकणच्या बोटींत गेलंय. ‘कोकणसेवक’ त्यांना चांगली आठवते. मालवणला धक्क्याला बोट लागायचीच नाही, ती बाहेर खोल पाण्यात उभी. मग किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव लाटांवर वर-खाली होत बोटीच्या कुशीशी जायचा, आणि वरच्या दारातला खलाशी पोराचं मनगट पकडून, लाटेनं पडाव वर उचलला की त्याच क्षणी आत ओढून घ्यायचा. क्षण चुकला तर पुढच्या लाटेची वाट. “माझ्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ असायचे मुंबईपर्यंत,” वहिनी सांगत होत्या. “आत गेलं की डिझेलचा आणि माशांच्या टोपल्यांचा वास. आई आल्याच्या वड्या आणि लिंबू घेऊन बसलेली. अर्ध्या बोटीला बोट लागलेली, आणि मी मात्र कठड्याला धरून टक्क उभी.”

पण त्याच घरात आजी होती, जी गटारी अमावास्येला पोरांना किनाऱ्यावर सोडायची नाही. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ त्या दिवशी बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. कोकणातल्या त्या पिढीला ही तारीख स्वातंत्र्याच्या तारखेइतकीच पाठ होती. म्हणजे वहिनींचं समुद्रावरचं प्रेम आंधळं नाही. भाऊजींच्या चार्टवर जूनचा चौकोन काळा करायला पेन्सिल त्यांनीच हातात घेतली होती.

कोकणच्या त्या बोटी बंद पडल्या. ऑक्टोबर 2018 मध्ये मुंबई–गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली, कान्होजींचं नाव घेऊन, तेव्हा वहिनींनी इथून माहेरी फोन लावले होते. जाऊ-जाऊ म्हणेपर्यंत 2020 उजाडलं आणि तीही थांबली. मग 2021 च्या सप्टेंबरात मुंबईहून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ निघाली. ही बोट 1990 ची, आधी परदेशी कंपनीकडे दुसऱ्या नावानं फिरलेली. ऑक्टोबरात अमली पदार्थांसाठी एनसीबीचा छापा पडला तेव्हा हीच घरोघरी टीव्हीवर दिसत होती. गोव्याला जाते, लक्षद्वीपला जाते, काही वर्षं पावसाळ्यात चेन्नईकडे नेऊन श्रीलंकेलाही सोडली. विशाखापट्टणमला 2023 मध्ये खास क्रूझचं टर्मिनल झालं, ते आपल्याला मुंबईपेक्षा बरं पडेल असं भाऊजींचं गणित. वहिनींना मात्र मुंबईहूनच निघायचंय. कारण विचारलं तर म्हणाल्या, “जाताना रात्री मालवण डाव्या हाताला येईल.”

“काळोखात काय दिसणार?” भाऊजी.

“तुम्हाला नाही दिसणार.”

एवढ्यात मागच्या गल्लीतल्या गारू आल्या. त्या राजमुंद्रीच्या. आमच्या भिंतीच्या त्या तिसऱ्या सभासद, मराठी सगळं समजतं, बोलतात मात्र दखनीत. “इत्ता पैसा डालके जर्मनी कायकू जाना अम्मा? हमारी गोदावरी देखे क्या पैले?” झालं, भाऊजींना बाजूचं माणूस मिळालं. गोदावरी त्र्यंबकेश्वरला निघते, 1,465 किलोमीटर वाहते, नांदेडवरून जाते, बासरला तेलंगणात शिरते, भद्राचलमच्या पुढे पापिकोंडलूच्या डोंगरांत इतकी आवळली जाते की दोन्हीकडे हिरव्या भिंती आणि मध्ये आपण. भाऊजी एकेक गाव बोटांवर मोजत होते. ती नदी त्यांनी नांदेडला उन्हाळ्यात गुडघाभर पाहिली आहे, आणि तीच खाली जाऊन एवढी होते हे त्यांना अजून स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचंय. मला त्यांच्या सगळ्या चार्टमध्ये ही एकच रेघ मनापासून ओढलेली वाटली.

गारू पुढे म्हणाल्या की ऑगस्टमध्ये तुमची बोट बंद, पण त्याच पुरात समुद्रातून पुलसा मासा वर चढतो. पुस्ते विकून पुलसा खावा अशी त्यांच्याकडची म्हण आहे. पुस्ते म्हणजे मंगळसूत्राच्या वाट्या. वहिनींनी ताबडतोब गळ्याला हात लावला. मासा म्हटलं की मालवण सगळ्या नद्यांशी समेट करतं. तेव्हा चार्टवर ऑगस्टच्या काळ्या चौकोनात, गोदावरीच्या ओळीत, आता एक छोटा मासा काढलेला आहे.

पण तिथलंही सगळं गोड नाही. 15 सप्टेंबर 2019 ला कच्चुलूरूजवळ पुराच्या पाण्यात पर्यटकांची बोट उलटली, कितीतरी माणसं गेली, आणि ती बोट वर काढायला महिन्याच्या वर लागला. त्यातली बरीच माणसं आपल्या हैदराबाद-वरंगलकडचीच होती. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती कडक झाली. आम्ही तिघी यावर जरा गप्प झालो. मग गारू म्हणाल्या, “पूर में नै जाना. बस.” यापेक्षा सोपा नियम कुठल्या माहितीपत्रकात मी वाचलेला नाही. 2027 मध्ये गोदावरीला पुष्करालु आहेत, बारा वर्षांनी. तो काळही भाऊजींनी बोटीसाठी काळा केलाय. स्नानाला जायचं, बोटीला नाही.

मला विचाराल तर पहिली रेघ गोदावरीचीही नको, कृष्णेची हवी. नागार्जुनसागरहून श्रीशैलमला तेलंगणा टुरिझमची लाँच जाते, नल्लमलाच्या जंगलातून, साधारण पाच-सहा तास. शेवटी लिंगालगट्टूला उतरायचं आणि गाडीनं वर मल्लिकार्जुनाच्या दर्शनाला. जोडप्यानं महिनाभर पाण्यावर काढावा का, याची परीक्षा या पाच तासांत होते. वाचायला पुस्तक नेलंय का, नवऱ्याचं बोलणं संपतं का, बायको प्रत्येक वळणावर फोटो काढायला लावते का, सगळं कळतं. नेहरूंनी त्या धरणाची पायाभरणी डिसेंबर 1955 मध्ये केली, पाणी चढलं, आणि नागार्जुनकोंडा नावाची टेकडी बेट होऊन बसली. खोऱ्यातले बौद्ध अवशेष वर नेऊन तिथे संग्रहालय केलंय, जायचं तर बोटीनंच. आपल्या हुसेनसागरातल्या बुद्धाच्या पुतळ्याचं तर विचारूच नका. 1990 मध्ये तराफ्यावरून नेताना तो माणसांसकट पाण्यात गेला आणि 1992 च्या डिसेंबरात वर आला. त्या तळ्यात लुंबिनी पार्कहून लाँचमध्ये बसताना माझी सासू दर वेळी हात जोडायची, बुद्धाला की लाँचला ते कळलं नाही.

ब्रह्मपुत्रेची रेघ फेब्रुवारीत आहे. तिथे आसाम बेंगॉल नॅव्हिगेशनच्या बोटी 2003 पासून चालतात, माजुली बेट, काझीरंगा, शिवसागर असं करत. ती नदी दर पावसाळ्यात पात्र बदलते, गेल्या वर्षी जिथे वाट होती तिथे यंदा वाळू. मग पुढे माणूस बांबू टाकून खोली मोजतो. भाऊजी हे सांगताना डोळे मिचकावत होते, “लाइन क्लिअर घेतल्याशिवाय पुढे जायचंच नाही, बघा.” रात्री बोट चालत नाही, वाळूच्या बेटाला बांधतात. याच पाण्यावर यायला 13 जानेवारी 2023 ला वाराणसीहून ‘गंगा विलास’ निघाली होती. 51 दिवस, 3,200 किलोमीटर, 27 नद्या, मध्ये बांगलादेश, शेवट दिब्रुगडला. अठरा खोल्या, आणि पहिल्या फेरीत स्वित्झर्लंडचे पाहुणे. आपल्या नद्यांवर एवढी लांब सफर, आणि त्यात आपलं माणूस शोधायला भिंग लागावं, हे मला जरा लागलं. पण भाडं ऐकलं आणि लागणं थांबलं. भाऊजी त्यातलाच एक छोटा तुकडा घ्या म्हणतात, कोलकात्याहून कालना, मायापूर, मुर्शिदाबाद. तेवढं ठीक आहे.

आता परदेश. लेक फ्रँकफर्टला, त्यामुळे ऱ्हाईन आलीच. बाझेल ते ॲमस्टरडॅम अशा बोटी जातात, लांबट आणि चपट्या, कारण नदीच्या जलपाशांतून, त्या दारं लावून पाणी वर-खाली करायच्या हौदांतून, पार व्हायला रुंदी साडेअकरा मीटरच्या आतच लागते. भाऊजी ऱ्हाईनच्या प्रेमात पडले ते किल्ले बघून नव्हे. त्या नदीच्या काठावर किलोमीटरच्या पाट्या आहेत! कोन्स्टान्झच्या पुलापासून शून्य, लोरेलायचा कडा 554 च्या आसपास. “नदीला किलोमीटर पोस्ट, ताई! असा देश पाहिजे.” आणि कौब नावाच्या गावी पाण्याची पातळी मोजतात ती जर्मन सरकार रोज इंटरनेटवर टाकतं. हा माणूस सकाळी उठून दूध तापवायच्या आधी मारेडपल्लीत बसून कौबची पातळी बघतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये ती 40 सेंटिमीटरच्या खाली गेली होती. अशा वेळी बोट एका गावी अडकते, प्रवाशांना बसनं पुढे नेऊन दुसऱ्या बोटीत चढवतात. त्याच उन्हाळ्यात सर्बियात डॅन्यूब इतकी आटली की दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जर्मन जहाजं वर दिसायला लागली. म्हणजे जुलै-ऑगस्टचा तो एकमेव मोकळा चौकोनही पूर्ण मोकळा नाही. लेक म्हणते मे महिन्यात या. आणि डिसेंबरचे नाताळ बाजार बघायला वहिनींची एका अटीवर तयारी आहे, की थंडीत डेकवर उभं करायचं नाही.

नाईलवर मात्र दोघांचं एकमत आहे, आणि ते विक्रेत्यांमुळे. लक्सर ते अस्वान तीन-चार रात्रींची सफर. वाटेत एस्नाच्या जलपाशापाशी मोठ्या बोटी रांगेत थांबतात, तेव्हा फेरीवाले छोट्या होड्यांतून येतात आणि चादरी, झगे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून थेट तुमच्या डेकवर फेकतात. आवडलं तर पैसे त्याच पिशवीत घालून खाली फेकायचे, नाही तर माल परत फेकायचा. घासाघीस सगळी ओरडून. जनरल बाजारात घडलेल्या बाईला ही संधी सोडवेल का? “चौथ्या मजल्यावरून भाव पाडीन,” वहिनी म्हणाल्या.

आणि ती दूधवाल्याची अमेरिकन बोट? तिचाही उगम सापडला. वहिनींच्या भाचीनं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, की घर विकून तीन वर्षं बोटीवर राहणारी माणसं आहेत म्हणून. ते इस्त्रीच्या कपड्यांबरोबर गल्लीत गेलं. आहेत खरी तशी माणसं. 2023 च्या नोव्हेंबरात ‘लाइफ ॲट सी’ नावाची तीन वर्षांची सफर इस्तंबूलहून निघणार होती, लोकांनी घरं भाड्यानं दिली, सामान विकलं, आणि निघायच्या तोंडावर ती रद्द झाली. त्यांच्याकडे बोटच नव्हती. पुढच्या वर्षी ‘ओडिसी’ नावाची दुसरी निघाली, म्हणजे निघणार होती मे महिन्यात, पण दुरुस्तीसाठी बेलफास्टला अडकली ती थेट सप्टेंबर संपेपर्यंत. प्रवासी तोवर गावात हिंडत होते. भाऊजींनी यावर कंट्रोलरचा निर्णय दिला: “रेक नाही तर गाडी अनाउन्स करू नये.”

मग मी मुद्द्यावर आले. “एवढं सगळं ठीक. पण तुम्ही दोघं एका खोलीत राहाल का?”

दोघंही हसायचे थांबले. घरात भाऊजींचा हॉल आहे आणि वहिनींचं स्वयंपाकघर. निवृत्तीनंतर दोघांनी हद्दी आखून घेतल्या आहेत. बोटीतली साधी खोली दीडेकशे चौरस फूट, त्यात न्हाणीघर. “फर्स्ट एसीचा कुपे समजायचा,” असं भाऊजींचं म्हणणं. “कुपेत एक रात्र काढते मी,” वहिनी म्हणाल्या, “आणि तेव्हाही तुमच्या घोरण्यानं अटेंडंट येऊन बघून जातो.” वहिनींना गच्चीवाली खोली हवी, वरच्या मजल्यावर. भाऊजींना बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, कारण तिथे हेलकावा सर्वांत कमी. दोघांचंही खरं आहे. फक्त बोट कुणाला लागते ते महत्त्वाचं, आणि ती भाऊजींना लागते. हुसेनसागरात लागली होती, वहिनींनी हळूच सांगितलं. त्यावर ॲव्होमिनची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, पोट अगदी रिकामं ठेवायचं नाही, तुडुंबही नाही, आणि क्षितिजाकडे बघत राहायचं. खिडकीच नसलेली स्वस्त खोली घेतली तर क्षितिज कुठलं?

वहिनींच्या हातात एक हुकमाचं पान आहे मात्र. बोटीचं भाडं दोघं एका खोलीत धरून माणशी सांगतात. एकट्यानं जायचं तर खोलीचं भाडं जवळपास दुप्पट बसतं. “म्हणजे मी आले नाही तर यांना दोघांचे पैसे भरून एकट्याला जावं लागेल. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा दर कळला, ताई.”

पैशांचं बोलणं निघालं तेव्हा आमचे हेही बागेत पाणी घालायचं सोडून आले. यांना अशा वेळी उत्साह येतो. जाहिरातीतला आकडा हा फक्त सलामीचा, हे यांनी बरोबर सांगितलं. त्यावर बंदराचे कर, रोजची माणशी बक्षिसी जी बिलात आपोआप लागते, इंटरनेट वेगळं, काठावरच्या सहली वेगळ्या. परदेशी सफरीवर टीसीएस नावाचा कर कापतात, तो रिटर्न भरताना हिशेबात येतो, पण पैसे तोवर अडकतात. विमा घ्यायचा तो बोटीवरून आजारी माणसाला उतरवून नेण्याचा खर्च देणाराच घ्यायचा; बोटीवरचा डॉक्टर डॉलरमध्ये तपासतो. व्हिसाची तर आमच्याच नात्यात फजिती झाली. सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच यायचं होतं, म्हणजे देशात दोनदा शिरणं आलं, आणि ट्रॅव्हलवाल्यानं एकदाच शिरता येईल असा व्हिसा काढून दिला. बोट सुटली, हे दोघं बंदरावर. त्या काकांनी नंतर वर्षभर समुद्राचं चित्र असलेलं कॅलेंडरही घरात लावू दिलं नाही.

वहिनी ऐकत होत्या, मग म्हणाल्या, “आमच्याकडे बोटीवर गेला म्हणजे नोकरीला गेला. गोव्यात तारवटी म्हणतात त्यांना. बोटीवर बसून खाणारा माणूस आमच्या वाडीत कुणी पाहिलेला नाही.” ते खरंच आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये जपानात योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ करोनामुळे अडकली होती, आठवतं? त्यात 138 भारतीय होते. त्यातले 132 कामाला, प्रवासी फक्त 6. बोटीवरच्या जेवणघरातून, खोल्या झाडणाऱ्यांतून मालवणी नाही तरी कोकणी कानावर पडेल याची वहिनींना खात्री आहे, आणि बक्षिसी त्यांना हातात द्यायची, बिलातली वेगळी, असं त्यांनी ठरवूनही टाकलंय. भाऊजींनी तो खर्च चार्टच्या कोपऱ्यात लिहिला.

शेवटी वहिनींनी आपली रेघ सांगितली. ती अजून चार्टवर नाही. अंदमान. विमानानं नाही, सरकारी जहाजानं. चेन्नईहून, कोलकात्याहून आणि कधीकधी विशाखापट्टणमहून जहाजं जातात, तीनेक दिवस लागतात, मध्ये जमीन नाही. बंकपासून डिलक्सपर्यंत वर्ग आहेत, गच्ची नाही, नाचगाणी नाहीत, थाळी घेऊन रांगेत उभं राहायचं. बरोबर बदलीवर चाललेले नोकरदार, माहेरी निघालेल्या बायका, कोंबड्यांची खुराडी नसली तरी पंख्यांची खोकी. सावरकरांना ‘महाराजा’ जहाजातून 4 जुलै 1911 ला पोर्ट ब्लेअरला उतरवलं. त्या गावाचं नाव आता श्री विजयपुरम झालंय. “तेवढं पाणी मला त्याच वाटेनं बघायचंय,” वहिनी म्हणाल्या. “बाकी तुमच्या सगळ्या नद्यांना येते मी.”

भाऊजी काही बोलले नाहीत. तीन दिवस काठ नाही, आणि त्यांना बोट लागते. मग म्हणाले, “जानेवारीत एक स्लॉट आहे.”

गारूंनी टाळी वाजवली. मी म्हणते, या सगळ्या चार्टमध्ये दोनच सफरी खऱ्या आहेत, गोदावरीची आणि ही. बाकीच्या हौसेच्या, पैसे आणि गुडघे साथ देतील तशा कराव्यात, एकदम वर्षाचं बुकिंग तर मुळीच करू नये. एक करावी, घरी यावं, बोलणं चालू आहे ना ते बघावं, मग दुसरी.

तुमच्याही घरात असं खूळ असेल तर चार्टची झेरॉक्स भाऊजी आनंदानं देतील, दुपारी तीन ते पाच सोडून, तेव्हा झोपतात. पण लाँचच्या चौकशीला आधीच पळू नका. नागार्जुनसागरची पूर्ण पातळी 590 फूट. आजची किती ते पेपरात बघा, आणि सागर भरत आला की मगच तिकिटाचं विचारा.